लाल चिंधी सोडवणारे उस्ताद

आज सकाळी दाराजवळ पुस्तकांचा गठ्ठा दिसला... सुतळीनं करकचून बांधलेला. आमच्या गल्लीत रद्दीवाला रविवारीच येतो, आणि आज रविवार. गठ्ठा माझ्या धाकट्या बहिणीचा, वैशूचा होता. बीएस्सीची सगळी पुस्तकं त्यात.

"मले नाही जमत दादा," ती म्हणाली. "बाकीचे भराभर बोलतेत. मले एकेक ओळ तीनदा वाचा लागते. उद्या सेमिनार हाय, त्याच्या आधीच कॉलेज सोडतो मी."

मी स्वतः दहावीला थांबलेला माणूस. मी काय समजावणार? पण घाबरट माणसाला दुसऱ्याची भीती लवकर कळते. म्हणून एवढंच विचारलं, विषय काय आहे.

चिडूनच तिनं सांगितलं. पेशीत एखादं प्रथिन नकोसं झालं की त्याला युबिक्विटिन नावाची छोटी प्रथिनं चिकटवली जातात. ती खूण. खूण लागली की ते प्रथिन तोडायला जातं. पण काही एन्झाइम अशी असतात, जी ती खूण सोडवून घेतात. मग ते प्रथिन वाचतं, आणि सुटलेलं युबिक्विटिनही वाया जात नाही, पुन्हा वापरात येतं.

मी हातातला चहा खाली ठेवला... मला एकदम मी कामाला जातो ते गॅरेज दिसायला लागलं.

कापसाची ती वाईट वर्षं होती. भाव नव्हता, लोकांच्या घरात कापूस पडून, आणि वणीच्या रस्त्यावरच्या आमच्या गॅरेजात ट्रॅक्टर अन् मेटॅडोर नुसते येऊन उभे. नवा पार्ट टाका म्हटलं की गाडीमालक दुसरीकडं बघायचे. "जुनं चालते का पाहा ना," हे वाक्य तेव्हा रोज ऐकलं.

गाडीतून काढलेले पार्ट मापून बघायचं काम माझं होतं. जो गेला, त्याला तारेनं लाल चिंधी बांधायची. चिंध्या जुन्या रजईच्या खोळीच्या, खिळ्याला टांगलेल्या. चिंधी असलेलं सगळं शनिवारी भंगारवाल्याच्या हातगाडीत जायचं.

भंगारवाला यायच्या आधी आमचे मुख्य मिस्त्री करीम उस्ताद त्या ढिगाशी बारदाना टाकून बसत. एकेक पार्ट उचलायचे. बेअरिंग असलं तर कानाशी नेऊन फिरवायचे, स्प्रिंगचा पाटा असला तर पान्यानं टण्ण वाजवून आवाज ऐकायचे. आणि मधूनच एखाद्याची चिंधी सोडायला घ्यायचे. तोडायची नाही. नखानं तारेचा पीळ उलगडायचा, चिंधी सरळ करायची, पुन्हा खिळ्याला.

मला राग यायचा. मी काटेकोर मापून बांधलेली असायची ना...

"उस्ताद, माप बराबर होतं माह्यं."

"माप बराबरच हाय बेटा," ते म्हणायचे. "पन हे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीले लागन. ते काय हायवेवर पळून राह्यली? दोन हंगाम आरामात काढते."

पण त्यांना सगळंच वाचवायचं होतं असंही नाही. एकदा एक मेटॅडोरवाला ढिगातले ब्रेक शू घेऊन मागं लागला. गाडी कापसानं भरलेली, खिसा रिकामा. चिंधी सोडा, चालते, म्हणून गयावया करत होता. उस्तादांनी शू उलटा करून बघितला आणि त्यालाच आणखी एक चिंधी बांधली.

"लेकरं बसवतो ना गाडीत? मंग चूप. याची चिंधी नाही सुटत."

तो शिव्या देत गेला. संध्याकाळी परत आला तेव्हा उस्तादांनी दुसऱ्या गाडीचे बरे शू त्याच्यासाठी काढून ठेवले होते. शिव्यांचा विषय कोणीच काढला नाही.

हे सगळं वैशूला सांगितलं. ती हसायला लागली. "म्हंजे उस्ताद एन्झाइम?" मग स्वतःच गंभीर झाली. म्हणाली, ही एन्झाइमंही कशाचीही खूण सोडवत नाहीत. प्रत्येकाचं काम वेगळं. नको त्याची खूण सुटली तर बिघडलेलं प्रथिन पेशीतच राहून रोग होऊ शकतो... बोलता बोलता तिनं अख्खा सेमिनार सांगून टाकला. एकदाही अडखळली नाही. ते तिच्या लक्षातही आलं नाही.

मग मी तिला एक गोष्ट सांगितली, जी घरात कधी बोललो नव्हतो. त्याच वर्षांत काम घटलं तेव्हा गॅरेजच्या शेठनं एका माणसाला काढायचं ठरवलं होतं. तो माणूस मी. "लय हळू हाय हा, एक नट पुसाले दिवस लावते," शेठ माझ्यासमोरच म्हणाले. उस्ताद मान वर न करता बोलले, "हळू हाय म्हनून त्याचं काम दुसऱ्यांदा खोलावं नाही लागत. राहू द्या त्याले."

एवढंच. मी राहिलो. आजही त्याच कामावर आमचं घर चालतं.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी "रद्दीऽऽ पेपरऽऽ" ऐकू आलं... हाक जवळ आली, दारासमोर थांबली. वैशू उठून गठ्ठ्याकडं गेली.

"आज काही नाही भाऊ," ती बाहेर बघून म्हणाली आणि तिथंच खाली बसली.

गाठ पक्की होती. मी कात्री पुढं केली.

"कापू नको दादा," म्हणाली, आणि नखानं पीळ उलगडायला लागली. बराच वेळ लागला. मग सुतळी गुंडाळून तिनं दारामागच्या खिळ्याला अडकवली.

सेमिनार उद्या आहे. कसा होईल माहीत नाही, मला आज रात्री झोप लागणार नाही. उस्ताद आता राळेगावला मुलाकडं असतात, फेसबुकवर नाहीत... त्यांच्या ओळखीचं कोणी हे वाचत असेल, तर माझा सलाम सांगा. म्हणावं, तुम्ही सोडवलेलं अजून चालू आहे.