काकूसमोर हसायचं होतं

मला दात सरळ करून घ्यायचे होते ते सुंदर दिसण्यासाठी नाही. काकूच्या तोंडासमोर उभं राहून हसण्यासाठी.

आमच्या गावी, हट्ट्याला, आमची आणि काकूची भिंत एकच. माझे वरचे दात पुढे, म्हणून तिनं मला नावानं कधी हाक मारलीच नाही. ‘ए किसणी’ म्हणायची. मला बघायला पाहुणे आले तेव्हा मी पोह्यांचा ट्रे घेऊन उभी होते आणि ही सगळ्यांदेखत म्हणाली, “हसू नको गं बाई, खोबरं किसून निघंल.” पाहुणेसुद्धा हसले. नंतर नकार आला. तेव्हापासून हसू आलं की माझा हात तोंडावर जायचा.

हिंगोलीत शाळेवर नोकरीला लागले आणि आधी दातांचा दवाखाना गाठला. नांदेडहून येणाऱ्या डॉक्टरबाईंनी हातात आरसा दिला. नुसते दात पुढे नव्हते, चावाच चुकलेला होता. खालचे दात टाळूला टेकत होते. दात हाडातून हळूहळूच सरकतात, घाई केली तर मुळांना इजा होते, असं त्यांनी समजावलं. “एवढी घाई कशाची आहे?” त्यांनी विचारलं. मी म्हणाले, “हसायचंय.” त्यांना ते फार गोड वाटलं.

जागा करायला वरचे दोन दात काढले. मग तारा आल्या, रबर आले. तार आवळली की वरणभातसुद्धा चावायचा नाही, गिळायचा. गाल आतून सोलून निघायचे. दुखलं की मी काकूला मनातल्या मनात शिव्या घालायची, त्यानं बरं वाटायचं. तारा निघेपर्यंत हट्ट्याला तोंड दाखवायचं नाही असं ठरवलं होतं आणि ते पाळलं.

तारा निघाल्या आणि चुलतबहिणीचं लग्न आलं. हळदीला काकू तोंडावर पदर धरून समोर आली. “तारा काढल्या म्हणं? दाव की.” मी हसले आणि माझा मेला हात नेमका तोंडावर गेला. काकूनं मान हलवली. “न्हाई झाले वाटतं बराबर.”

रात्रभर माझा जळफळाट झाला. दात सरळ झाले होते, पण हाताचं काय करायचं?

दुसऱ्या दिवशी बायकांची पंगत बसली तेव्हा मी बुंदीची बादली उचलली. एका हातात बादली, दुसऱ्या हातात वाढायची वाटी. तोंडावर न्यायला हातच उरला नाही. काकूच्या पानासमोर थांबले आणि सगळे दात दाखवून हसले. “घ्या काकू, किसणीच्या हातची बुंदी.”

“काय झ्याक दिसून राहिली पोरगी!” शेजारची बाई म्हणाली. चारचौघीत काकूलाही हसावं लागलं, आणि लगेच तिनं पदर तोंडावर ओढला. पण मला दिसलं होतं. जन्मभर मिश्री घासून तिचे पुढचे दोन दात गेले होते.

अशा वेळी मनात काय यायला हवं ते मला ठाऊक आहे. ते आलं नाही. मी वाकून आणखी एक वाटी बुंदी तिच्या पानात ओतली आणि अख्ख्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाले, “पदर काढा की काकू. हसा.”