पडीकातली आग

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या मुलीलाही नाही.

बार्शीटाकळीजवळ आमचं सहा एकर पडीक आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी ते वाढू दिलं — पळस, बोरी, कमरेइतकं गवत. मधे पाणवठा खोदला. रोही, म्हणजे नीलगायी, यायला लागले, मोर आले. अकोल्याहून माणसं बघायला यायची, माझं कौतुक करायची. मला ते आवडायचं. फार आवडायचं.

पण त्यातलं निम्मं शहाणपण रामभाऊंचं होतं. कडेकडेनं शेळ्या चारणारे म्हातारे गृहस्थ. वाळलेलं झाड पाडू नका, ढोलीत पिंगळे राहतात, हे त्यांनीच सांगितलं. आणि चैत्रात मी म्हणाले, गवतामुळे पाहुण्यांना जनावर दिसत नाही, पाणवठ्याभोवतीचं जाळू या — तेव्हा म्हणाले, "आता नोका पेटवू, बाई. तितर अंड्यावर बसून राहिले."

मी ऐकलं का? नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, ते घरी गेल्यावर, काडी ओढली. थोडंसंच जाळायचं होतं — आणि वारा फिरला.

गाव धावून आलं. हिरव्या फांद्यांनी झोडपून आग विझवली, तोवर अर्धं रान गेलं होतं. राखेत एक तितर अंड्यांवर तशीच बसलेली होती. उठलीच नव्हती.

कुणीतरी म्हणालं, "रामभाऊची बिडी असन." सरपंचांनी मला विचारलं, "बाई, तुमी पाह्यलं का काही?" मी म्हणाले — "सकाळी ते इथंच होते."

एवढंच. खोटं होतं का ते? सकाळी ते होतेच की. कितीतरी दिवस मी स्वतःला हेच सांगत राहिले.

गावानं त्यांना त्या शिवारात चारायला बंदी केली. शेळ्या विकून ते बाळापूरला लेकीकडे निघाले. जाण्याआधी आले, फाटकाबाहेरच उभे राहिले.

"बिडी त मी दोन साल झाले सोडली, बाई. तुमाले मालूम होतं."

मला मालूम होतं. ते थोडा वेळ थांबले — कशासाठी, ते मला कळत होतं — आणि गेले.

बाळापूरलाच ते वारले. रान पुन्हा दाट झालं. पाहुणे येतात, पाणवठ्याकडचे जळके बुंधे बघून विचारतात. परवाही एकानं विचारलं. मी सांगितलं — एका शेळीवाल्याच्या बिडीनं आग लागली होती.