ओल्या घाण्याची फरशी

मी फरश्या बनवते. दगडाच्या नाहीत, चिनीमातीच्या नाहीत, मक्याच्या. असं सांगितलं की माणसं आधी माझ्या तोंडाकडे बघतात, मग पायांखालच्या जमिनीकडे, आणि मग हमखास विचारतात, "मग उंदीर खात नाहीत का हो?" नाही खात. मक्याच्या स्टार्चपासून एक प्लास्टिक करतात, त्याचे पांढरे दाणे पोत्यांतून येतात. त्यात मी पऱ्हाटीचा भुसा मिसळते. कापूस वेचून झाला की शेतात जी वाळकी झुडपं उरतात आणि आमच्याकडे लोक जी बांधावर पेटवून देतात, ती पऱ्हाटी. दोन्ही तापवून प्रेसखाली दाबलं की हातभर लांबीची, तांबूस, गुळगुळीत फरशी निघते. तिचे दिवस भरले की तापलेल्या खताच्या ढिगात टाकायची, कालांतराने कुजून माती होते. चिखलीच्या बाहेर भाड्याच्या शेडमध्ये माझा हा उद्योग चालतो.

लोकांना फार कौतुक. शाळा-कॉलेजांत भाषणाला बोलावतात, पोरं टाळ्या वाजवतात. टाळ्या पडल्या की माझे कान गरम होतात, आणि ते लाजेने होतात, आनंदाने नाही. मला तेव्हा एकच खोली आठवते.

ती खोली मोठ्या मायची. मोठी माय म्हणजे माझ्या वडिलांच्या मोठ्या भावाची बायको. मी चौथीत असताना माझी आई गेली, तेव्हापासून माझी वेणी हिनंच घातली आणि पाठीत धपाटेही हिनंच घातले. चिखलीहून देऊळगाव राजाकडे जाताना लागतं आमचं गाव. त्या गावात मोठ्या मायच्या सारवणाला नाव होतं. शेण किती, माती किती, पाणी किती, हे ती बोटं बुडवून ठरवायची. हाताचे अर्धगोल एकात एक अडकवत अशी मागे सरकत जायची की वाळल्यावर शोधूनही भेग सापडायची नाही. कोणाकडे लग्नाचा मांडव असो की महालक्ष्म्या, निरोप यायचा, "काकू, तेवढा हात लावून जा." ही कुरकुरायची, "माहे हात काय रिकामे हायेत का वो?" आणि पदर खोचून घरच्यांच्याही आधी तिथे हजर व्हायची.

तिच्या स्वतःच्या घराला स्लॅब पडला, सगळीकडे टाइल्स बसल्या, पण देवाची खोली तिने मातीचीच ठेवली होती. भाद्रपदात महालक्ष्म्या तिथेच बसायच्या. "त्या थंडगार दगडावर मी लक्षुम्या बसवत नसते," असं तिने मुलाला ठणकावलं होतं. मला तर पहिली फरशी घालायला घरचीच जागा हवी होती. मी तिच्या मागे लागले. नमुन्याचा तुकडा तिच्या हातात दिला आणि म्हटलं, "मोठी माय, हे शेतातलंच हाय. मका आपला, पऱ्हाटी आपली. तू मातीचीच समज ना." तिने तुकडा गालाला लावून पाहिला. "बरी हाय बाई, गार नाही लागत," म्हणाली. एवढ्यावर तिची चाळीस वर्षांची माती मी उकरली.

आता माझं पाप सांगते. भज्यांचा घाणा काढतात तसं एका वेळच्या मालाला आम्ही घाणाच म्हणतो. घाणा लावण्याआधी दाणे आणि भुसा दोन्ही भट्टीत कडक वाळवावे लागतात. ओल राहिली तर तापताना तेच पाणी प्लास्टिकला आतून तोडतं. फरशी दिसते छान, पण असते पोचट. तो आठवडा पावसाचा, लाइट घडीघडी जात होती, भट्टी तापेना. भुसा मुठीत धरला तर गार लागला. मला कळलं होतं. पण महालक्ष्म्या चार दिवसांवर होत्या, आणि त्यानंतर पंधरा दिवसांनी पुण्याच्या एक आर्किटेक्ट बाई माझी फरशी एखाद्या नांदत्या घरात बघायला येणार होत्या. उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग! "चालतंय," म्हणत मी घाणा लावला. त्यातली एक फरशी माझ्या हातात बिस्किटासारखी मोडली. मी ती रिकाम्या पोत्याखाली सरकवली आणि दुसरी वाकवून बघितलीच नाही.

महालक्ष्म्या येतात त्या दुपारी मी गावाला पोचले, तर मोठी माय नव्या कोऱ्या फरशीवर बसून सारवत होती. पातळ, सुरेख हात फिरत होता.

"अवो मोठी माय, काय करून राह्यली हे!"

"काऊन? तूच तं म्हनली मातीचीच हाय. मातीले सारवल्याबिगर लक्षुम्या येतीन का?"

मी खो खो हसले. तिने त्यावर दारापासून आसनापर्यंत कुंकवाची पावलं काढली. मी फोटोसुद्धा काढला. तांबूस फरशी, तिच्यावर हिरवट सारवण आणि लाल पावलं, इतकं देखणं मी आजवर काही बनवलेलं नाही.

दहा-बारा दिवसांत फरश्यांच्या कडा पापडासारख्या वर आल्या. पाय पडला की कुरकुर वाजायचं, चिमटीत धरलं की भुगा. आणि ठरल्या दिवशी त्या बाई आल्या. खाली वाकून त्यांनी एक टवका उचलला आणि विचारलं, "हे काय झालंय?"

मोठी माय दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. मला ती दिसत होती. आणि तरीही मी बोलले, "त्याचं काय आहे, इथे शेणाने सारवलं गेलं. त्यामुळे ओल मुरली. दिलेल्या सूचना पाळल्या गेल्या नाहीत."

पुण्यात शिकताना माझ्या 'मले-तुले'ला पोरी हसायच्या म्हणून मी घासूनपुसून घेतलेली ती भाषा, त्या दिवशी कशी सरसर चालली! सूचना म्हणे! कसल्या डोंबलाच्या सूचना? मी तिला दिलेली सूचना एकच होती, मातीचीच समज. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे अंगण वाकडं मीच केलं होतं आणि बोल लावला तो ते सारवणारीला.

मोठ्या मायने ट्रे खाली ठेवला. त्या बाईंना म्हणाली, "हाव बाई, माह्याच हातानं झालं. मी अडाणी मानूस. आमच्या पोरीचा काई दोष नाही त्याच्यात."

माझी बाजू घेतली तिने. तेव्हा जमीन दुभंगती तर बरं झालं असतं, पण मी चहा प्यायले.

दुसऱ्या दिवशी शेडवर जाऊन मी जुन्या, नीट वाळवलेल्या घाण्यातली एक फरशी घेतली. तिच्यावर मोठ्या मायपेक्षा दुप्पट जाड शेण थापलं आणि महिनाभर रोज वरून पाणी मारलं. शेवटी पुसली. कडा सरळ, वाकवली तर मोडेना, टवका नाही, काही नाही. म्हणजे शेणाचा काडीचा दोष नव्हता. मला आधीच माहीत होतं, आता हातात पुरावा आला. मी तो पुरावा मांडणीच्या मागच्या फळीवर उभा करून ठेवला आणि त्याच्यापुढे पोती रचली.

मोठ्या मायच्या खोलीत मी चांगल्या घाण्याची फरशी पुन्हा घालून दिली, वर साळसूदपणे सांगितलं, "आता मात्र सारवू नको हं." ती म्हणाली, "नाही वो, आता कायले." आणि तिने खरंच सोडलं, आणि फक्त त्या खोलीतलं नाही. पुढच्या मांडवाचा निरोप आला तेव्हा तिने कळवलं, "माह्या हाताले गुन नाही राह्यला. पोरीची फरशी सडवली म्या." मग जो येईल त्याला हेच. गावातली टवाळ पोरं पारावर म्हणायची, "काकूच्या हातानं तं प्लास्टिक सडते बे!" पुढच्या भाद्रपदात वहिनीने, मोठ्या मायच्या सुनेने, ओल्या फडक्याने फरशी पुसून बाजारातली चिकटवायची पावलं लावली. मोठी माय प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून बघत होती. त्याच्या पुढच्या वर्षीही तसंच, आणि त्याच्याही पुढच्या.

मी सांगायचं ठरवून जायचे. भाकरी-ठेचा खायचे, तिच्याकडून वेणी घालून घ्यायचे आणि एसटीने परत यायचे. त्या आर्किटेक्ट बाईंनी काम दिलं होतं, त्यांच्यामुळे आणखी दोघांनी दिलं. आता सांगून उगाच कशाला, असं मी मनाला समजवायचे. मन कुठं समजतंय! शेडमध्ये त्या मांडणीकडे पाठ करूनच मी काम करत होते.

गेल्या भाद्रपदात, महालक्ष्म्या यायच्या दिवशी, मी ती फरशी पिशवीत घालून नेली. मोठी माय खुर्चीवर बसलेली. फरशी तिच्या मांडीवर ठेवली आणि भडाभडा बोलून टाकलं. "मोठी माय, तुह्या हातानं नाही सडली ती. म्या भुसा ओला वापरला होता. मले तव्हाच माहीत होतं. ह्या फरशीवर म्या महिनाभर शेन थापलं, पाह्य, हिले काई झालं नाही. त्या बाईपुढे मी खोटं बोलली."

ती मला मारेल किंवा डोक्यावरून हात फिरवेल, असं मला वाटलं होतं. दोन्हींची मी तयारी करून आले होते. तिने फरशी उलटीपालटी केली, नाकाशी नेली आणि म्हणाली, "तीन लक्षुम्या गेल्या माह्या, पोरी."

मग म्हणाली, "शेन आन."

मी गोठ्याकडे धावले. पाटीत शेण-माती, बादलीत पाणी, सगळं घेऊन आले. तिने पदर खोचला आणि खुर्चीवरून उठून उंबऱ्याशी बसायला गेली. गुडघा अर्ध्यात अडकला. वहिनीने काखेत धरलं, तिने पुन्हा जोर लावला, तोंड वेडंवाकडं झालं, पण खाली काही बसता येईना. चार वर्षं ती उकिडवी बसलीच नव्हती. शेवटी वहिनीने तिला परत खुर्चीवर टेकवलं.

"नाही जमत आता," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "बस तू."

मी सारवू लागले. पहिल्या हाताला ती म्हणाली, "पातळ झालं." दुसऱ्याला म्हणाली, "बोटं दिसून राह्यले." मी रडत होते, पण तिकडे तिने लक्ष दिलं नाही. उंबऱ्यापासून आसनापर्यंत माझ्याकडून सारवून घेतलं, पावलं काढायला वहिनीला बोलावलं. मी हात धुवायला उठले.

"हात नको धू," मोठी माय म्हणाली. "तशीच जाय. ज्याच्या ज्याच्या मांडवाले म्या नाही म्हटलं, त्या घरी जाय अन् मले सांगतलं तसं सांग."

"सगळ्याईच्या घरी?"

"म्या सगळ्याईलेच सांगतलं होतं ना, माह्या हातानं सडली म्हनून."

पहिलं घर शेजारचंच होतं. तिथवर जायला मला फार वेळ लागला.