पाळण्याला लांब दोरी

घरात तान्हं पोर आलं की दोन गोष्टींचा ढीग लागतो. एक लंगोटांचा आन् दुसरा बोलण्यांचा. लंगोट निदान रोज धुतले जातात, वाळतात, संपतात. बोलणी कुठं धुणार? वर्षं गेली तरी ती तशीच! आता भोरला घर केल्यापासून सांजच्याला आमी बाया ओट्यावर बसलो की कुणीतरी म्हणतंच, "अक्का, तुमच्या घरातलं सांगा की!" सांगते. पण हसायचं आलं की हसा, उगा माझ्या तोंडाकडं बघत बसू नका.

तर तवा आमी वेल्ह्याच्या वरच्या अंगाला वाडीवर राहत होतो. शेळ्या, म्हशी आन् थोडा भात. साधा फोन करायचा तरी खाली रस्त्याला यावं लागायचं. घरात आत्याबाई, म्हंजे माझी सासू. मी थोरली सून आन् माझे मालक. धाकटे दत्ताभावजी भोरच्या एसटी डेपोत, ते सुट्टीला यायचे. त्यांची बायको मंगल, भोंगवलीची. मंगलचं पहिलं पोर माहेरात झालं आन् बारशाच्या आधीच गेलं. म्हणून दुसरं बाळंतपण आत्याबाईंनी आपल्याकडंच घेतलं. पोरगी झाली. आत्याबाईंना त्याचं काय न्हाई. जगणारं पोर पायजे, बस्स!

आन् मला? लग्नाला इतकी वर्षं झाली, माझी कूस काय उजवली न्हवती. मला एकच पायजे होतं. ती पोरगी कुणीतरी आपल्या हातानं, चार माणसांत, माझ्या मांडीवर द्यावी. चोरून न्हवं.

*

दवाखान्यातून पोरगी घरी आणायला वडापची जीप केली. मंगल फुडं, आत्याबाई पोरीला घेऊन मधल्या सीटवर. मी शेजारी बसायला गेले तर म्हणाल्या, "तू मागं बस. आन् तोंडबी मागंच कर."

झालं! थर्मास आन् कपड्यांचं गाठोडं घेऊन मी उलटी बसले, रस्त्याची धूळ बघत. ड्रायव्हरनं आरशात बघितलं. "मावशी, ह्या ताई उलट्या का बसल्यात?"

"तिला गाडी लागती."

"अवो, गाडी लागत असंल तर फुडं बघून बसावं!"

"तिला उलटंच बरं वाटतं."

मला जल्मात कधी गाडी लागली न्हाई. त्या दिवशी घाटात अशी लागली म्हणता! जीप थांबवून मी कडंला ओकत बसले आन् वरून आत्याबाईंचा आवाज आला, "बगा! म्या म्हणलं न्हवतं?"

*

बाळंतिणीचं घर म्हंजे काम किती! शेगडी, काढा, लंगोट, पाणी तापवायचं. समदं माझ्याकडं. पोरीला न्हाऊ घालायचं काम आत्याबाईंचं. पाटावर पाय पसरून बसायच्या, पोरगी पायावर. मी पाणी द्यायचं, पण मान वळवून. बघायचं न्हाई. न बघता पाणी दिल्यावर काय व्हनार? एक तांब्या गेला आत्याबाईंच्या गुडघ्यावर. कढत! त्या दचकल्या आन् तेलानं माखलेली पोरगी सरकली.

"अगं धर! धर!"

म्या धरली. दोन्ही हातांत आली. एवढुशी, गरम, बुळबुळीत. माझ्या अंगाला काटा आला, आज सांगतानाबी येतोय बघा.

"सोड!" आत्याबाई वरडल्या.

"सोडू कशी? खाली दगड हाय! धर म्हणता, सोड म्हणता, काय ते एक सांगा!"

मग दृष्ट काढायची ठरली. मीठ, मोहऱ्या, मिरच्या आणायच्या कुणी? म्याच! माझीच नजर उतरवायला मीच सामान आणलं. मिरच्या चुलीत टाकल्या. ठसका न्हाई, खकाणा न्हाई. आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. "बग, केवढी नजर लागली हुती! जरा तरी ठसका आला का?"

मिरच्या मागल्या सालच्या. पावसाळ्यात दमट होऊन मेलेल्या. त्यांनी कालवणाला तिखट येईना, ठसका कुठला येणार! पण सांगतंय कोण? सांगितलं असतं तर मिरच्यांनाबी माझीच नजर लागली म्हणाल्या असत्या.

*

पाचवी पुजायच्या दिवशी वाडीतल्या बाया जमल्या. सैपाक समदा माझ्या हातचा. पूजा मांडायची वेळ आली तशा आत्याबाई म्हणाल्या, "तू जरा गोठ्याकडं बग. शेळी व्यालीया."

शेळी खरंच व्याली होती. पहिलटकरीण, करडाला जवळ घेईना, लाथा मारी. म्या तिला धरली, करडाचं तोंड लावलं, चुचकारलं, पाजलं. आमच्या घरात व्यालेली कुठलीबी शेळी, म्हस, माझ्याच हातची. आत्याबाई वाडीभर सांगायच्या, "थोरलीच्या हाताला गुण हाय!"

पूजा झाल्यावर त्या माझं ताट घेऊन गोठ्यात आल्या. करडू चुटूचुटू पीत होतं. मला राहावलं न्हाई. "आत्याबाई, शेळीला माझा हात चालतो, तुमच्या नातीला चालत न्हाई व्हय?"

त्यांनी ताट खाली ठेवलं. म्हणाल्या, "शेळीला लोकं नावं ठेवत न्हाईत, बाई."

मी जेवले.

*

आता दोरीचं सांगते. मी सैपाकघरात आन् पाळणा माजघरात. मंगल दिवसभर शेक घेऊन गुंगीत, आत्याबाई रानात. पोरगी रडली तर हलवायचं कुणी? मी आत जायचं न्हाई. तर आत्याबाईंनी काय डोकं चालवलं! म्हशीचं जुनं दावं पाळण्याच्या दोरीला बांधलं, उंबऱ्यावरून घेतलं आन् त्याचं टोक दिलं माझ्या हातात, चुलीपाशी. एका हातानं भाकरी, एका हातानं दावं. पोरगी दिसायची न्हाई, नुसती ऐकू यायची. रडायची थांबली की म्हणायचं झोपली.

अशात भोरची मणेरीण आली, बिब्बीचाची. बाळंतिणीला बांगड्या आन् पोरीला काळ्या मनगट्या घेऊन. चाची आमच्या वाडीवर कैक वर्षं यायची. दारात टोपली उतरवली आन् दाव्याला अडखळून पडता पडता वाचली.

"या अल्ला! घरात म्हस बांदली का काय?"

म्या सांगितलं. चाचीनं दावं हातात धरून पार पाळण्यापर्यंत बघितलं, मग माझ्यापर्यंत बघितलं. तेवढ्यात आत्याबाई आल्या. चाची म्हणाली, "का वो आत्याबाई, दोरीतनं नजर जात न्हाई वाटतं? जरा लांबचीच घ्या. हिला आमच्या भोरला बसवा, तिथनं वडंल."

त्या दिवशी आत्याबाईंनी मनगट्या घेतल्या न्हाईत. पुढं वर्षभर चाचीला आमच्या दारात टोपली उतरवू दिली न्हाई.

*

मालकांचं सांगू का? सांगतेच. पोर आमा दोघांना न्हवतं, पण वांझोटी मी एकटी! ते खुशाल पोरीला मांडीवर घ्यायचे, खांद्यावर टाकायचे, "मोठ्या बाबाकडं बग, मोठ्या बाबाकडं बग" करायचे. त्यांची सावली पडत न्हाई, त्यांची नजर लागत न्हाई. म्या एकदा म्हटलं, "आईला तेवढं सांगा की जरा."

"मी काय सांगू? आई हाय ती."

"मग मी कोण हाय?"

त्यांनी डोकं खाजवलं आन् बाहेर गेले. थोड्या वेळानं हसत हसत परत आले. "बग, बग, पोरीनं अंगावर मुतलं माझ्या!" आन् सदरा काढून माझ्या अंगावर टाकला, धुवायला.

लई राग आला होता. पण खरं सांगू? सदरा मी लगीच धुतला न्हाई. मांडीवर घेऊन बसले.

*

मंगल ह्या समद्यात एक शब्द बोलायची न्हाई. काढा दिला की प्यायची, ताट दिलं की जेवायची. मला तिचाच जास्त राग यायचा. सासू म्हातारी, जुन्या वळणाची. ही तर बारावी शिकलेली! एक दिवस तिच्या पाठीला तेल लावताना विचारलंच, "मंगल, तुलाबी वाटतं का गं, माझी नजर लागंल?"

तिनं मान वळवून पोरीकडं बघितलं. मग म्हणाली, "न्हाई वाटत, अक्का. पर भ्या वाटतं. पहिलं गेलं तवा बी मला कायच वाटत न्हवतं."

म्या तेलाची वाटी उचलली आन् बाहेर आले. तिनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

*

आता शेवटचं. हे नीट ऐका.

बारशाला थोडे दिवस राहिले आन् पोरीला ताप भरला. अंगावर पिईना. भोरला डॉक्टरला दाखवलं, औषध आणलं, तरी आत्याबाई पाळण्यापासनं हलंनात. पहिलंबी असंच गेलं होतं. मंगल भिंतीकडं तोंड करून पडलेली. तिची आई भोंगवलीवरनं आली. विहीणबाईंनी पोरीला बघितलं आन् म्हणाल्या, "ही पोर इकायला पायजे."

जुना रिवाज हाय आमच्याकडं. ज्या आईची पोरं जगत न्हाईत तिनं पोर दुसरीला इकायचं, ओंजळभर कोंड्यावर. म्हंजे काळ आला तरी त्याला ते ह्या आईचं पोर म्हणून सापडत न्हाई. बारशाला तेवढाच कोंडा देऊन परत घ्यायचं.

"पर कुणाला इकायची?" आत्याबाईंनी विचारलं.

"जिच्याकडं सटवाईनं कधी ढुंकून बघितलं न्हाई, अशी बाई बगा. तिच्या घरात पोर असंल असं कुणाच्या ध्यानातबी येणार न्हाई."

घरातली समदी माणसं हळूहळू माझ्याकडं वळली. मालकबी! ज्या गोष्टीपायी इतकी वर्षं बोलणी खाल्ली, त्याच गोष्टीपायी माझी निवड झाली. अशी निवड देव वैऱ्याचीबी न करो!

अंगणात सूप ठेवलं, सुपात पोरगी. म्या मंगलच्या पदरात ओंजळभर कोंडा टाकला. विहीणबाईंनी विचारलं, "पोर कुणाची?" मंगल म्हणाली, "माझी न्हाई." आत्याबाईंनी पोरीला उचललं आन् चार बायांसमोर, आपल्या दोन्ही हातांनी, माझ्या मांडीवर ठेवलं.

मला रडूच फुटलं. आत्याबाई म्हणाल्या, "रडू नगंस, सौदा मोडतो!"

औषधानं म्हणा, कोंड्यानं म्हणा, ताप उतरला. बारशापर्यंत पोरगी माझ्याकडं. प्यायला मंगलकडं न्यायची, मग परत माझ्याकडं. न्हाऊ मी घालायची, झोपवायची मी. कुणाची नजर, कुणाची सावली, समदं कुठं गेलं होतं कुणास ठाऊक! विकत घेतलेल्या मालाला कोण काय म्हणणार? आत्याबाई मात्र लांबून म्हणायच्या, "लई लळा लावू नगं. परत द्यायची हाय."

ते मला सांगायला पायजे होतं व्हय?

बारशाच्या दिवशी माजघर बायांनी भरलं. पोरीला नवं झबलं. पाळण्यात घालायच्या आधी परत घ्यायचं होतं. मी पोरीला घेऊन पाटावर बसले, समोर मंगल. आत्याबाईंनी सुपात ओंजळभर कोंडा आणला. "घे तुजा कोंडा, आन् दे आमची पोर."

मी देणारच होते. तोंडाळ हाय, पर लबाड न्हाई मी. पण हात उचलंना. मान खाली घालून बसले, म्हटलं एवढा एक श्वास घेते आन् देते.

तेवढ्यात मंगलनं सूप आपल्याकडं वढलं. कोंड्यावरनं हात फिरवला.

"आत्याबाई, कोंडा कमी हाय."

आत्याबाई म्हणाल्या, "कमी कसा? हिनं दिला तेवढाच हाय."

"कमी हाय."

आत्याबाई आत गेल्या, आणखी ओंजळभर घेऊन आल्या. मंगलनं परत हात फिरवला. "आजून कमी हाय."

आत्याबाईंचं तोंड लाल झालं. तरातरा गेल्या आन् अख्खी पाटी उचलून आणली. सुपात वतली. कोंडा सुपावरनं सांडून माझ्या पायावर आला, पाटावर आला, बायांच्या लुगड्यांवर उडाला. विहीणबाई म्हणाल्या, "मंगल, अगं काय लावलंयस हे?"

मंगलनं कोंड्याकडं बघितलं न्हाई. माझ्या मांडीवरच्या पोरीचं झबलं तिनं सारखं केलं, उठली, पदर खोचला.

"कमीच हाय," म्हणाली, आन् बायांची पानं वाढायला आत निघून गेली.