बाईंनी रोवलेली ओळ

अठ्ठ्याहत्तर साल होतं, मी चौतीस वर्षांचा. धानाच्या पऱ्ह्यांच्या, म्हणजे कोवळ्या रोपांच्या, ओल्या मुळांचा वास आला की ती रोवणी आठवते. पोरीची शाळा बंद करून मी तिला बांधीत, धानाच्या चिखलाच्या शेतात, रोवायला उतरवलं होतं. शाळेच्या नव्या बाई शेताच्या कडेला धुऱ्यावर आल्या अन् म्हणाल्या, "तिच्या जागी मी रोवते, भाऊ. उद्या तिला शाळेत पाठवा." मी म्हटलं, "आधी रोवून दाखवा, मंग पाहू." बाई पदर खोचून चिखलात उतरल्या आणि पुढं पुढं रोवत निघाल्या, आपलीच रोपं पायाखाली घेत. रोवणाऱ्या बाया हसून बेजार. "अवो बाई, मांगं सरका! रोवून राहिल्या का तुडवून राहिल्या?" मला वाटलं, आता ह्या रागानं निघून जातील. मी दुसरीत चुकलो की मास्तर अख्ख्या वर्गाला माझ्यावर हसवायचा, म्हणून मी शाळाच सोडली होती. बाई मात्र आमच्याहून जास्त हसल्या आणि माझ्या पोरीलाच म्हणाल्या, "मला शिकव ना." पोरीनं हात धरून शिकवलं. ओळ वाकडी झाली, पण ती मी कोणाला मोडू दिली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीची पाटी काखेत मारली आणि तिला शाळेच्या दारापर्यंत मीच पोचवून आलो.