साहेबाचा खड्डा आणि भोक असलेलं सोनं

आमच्या माळावर साहेबाचा खड्डा आहे. म्हणजे आता नुसता खड्डाच. साहेब कधीचा गेला. सासूबाई सांगायच्या, संस्थानाच्या काळात तो आला, गावातली माणसं लावून खणत बसला, लाल माती पोत्यांत भरून घोड्यावरनं न्यायचा. त्याच्याही आधी झारेकरी यायचे, मातीतनं सोनं धुऊन काढणारे. पाऊस ओसरला की ओढ्यात बसून लाकडी काटवटीत गाळ हिंदळायचे. मग एक दिवस साहेब गाशा गुंडाळून गेला. सोनं लागलं म्हणून गेला, का लागलं नाही म्हणून, यावर गावात अजून दोन पार्ट्या आहेत. मी लागलं म्हणणाऱ्यांतली. फुकट कोण घोडा दमवतो हो?

तर गेल्या साली जीप घेऊन दोन माणसं आली. हातोडीनं दगड फोडले, चुरा पिशव्यांत भरला. मी विचारलं, "काय बघताय पावणं?"

"बॉक्साइट, मावशी."

आमच्या डोंगरांत बॉक्साइट आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण मग पिशवीचं तोंड एवढं आवळून बांधायचं काय कारण?

आणि थोड्याच दिवसांत धाकटा दीर दारात. तो माळ दोन्ही घरांचा, निम्मा त्याचा, निम्मा माझा. मालक गेल्यापासून माझा वाटा मीच बघते. बघते म्हणजे काय, गवत वाढतं.

"वैनी, वरचं तुमचं निम्मं माझ्या नावावर करा. बदल्यात ओढ्याकाठचं घ्या की."

ओढ्याकाठचं! जिथला ऊस बिद्रीच्या साखर कारखान्याला जातो, ते रान देऊन हा कुसळं मागतोय. दिवाळीला मला पातळ घेताना दुकानदाराला दोनदा किंमत विचारणारा माणूस हा. "बघू," म्हटलं. चहात साखर जरा जास्त घातली आणि त्याच्या तोंडाकडं बघत बसले. त्यानं कपात बघितलं.

सही केली तर निम्मा डोंगर गेला. नाही केली आणि वर काहीच नसलं, तर हाताशी आलेलं उसाचं रान गेलं. म्हटलं, आपणच बघायचं.

दुपारी माणसं जेवून आडवी झाल्यावर भाकरीची काटवट पदराखाली घेतली आणि वर गेले. खड्ड्याखाली ओढ्याची एक बारीक धार आहे. गाळ घेतला, पाणी घातलं, हिंदळलं, वरचं सोडून दिलं. आधी लाल पाणी, मग तळाला काळी रेती. गुडघे बोंबलायला लागले. आणि रेतीत चमकलं! पदरानं पुसलं, चष्म्यापुढं धरलं, तर त्याला आरपार भोक.

डोंगर काय भोक पाडून सोनं देत नाही. बोरमाळेचा मणी होता तो. आणि मी ओळखला की. सासूबाईंनी आम्हा दोघी जावांना एकाच सोनाराकडनं केलेल्या बोरमाळा. माझी तर गळ्यात होती. जाऊ मात्र मधे बरेच दिवस गळ्याभोवती पदर गुंडाळून हिंडायची. विचारलं की म्हणायची, घसा धरलाय.

संध्याकाळी तिच्याकडं गेले. ती तांदूळ निवडत होती. मणी सुपात टाकला.

"आक्का! कुठं घावला ह्यो?"

"जिथं सांडलास तिथंच. खड्ड्याखाली."

तिनं मणी उचलून मुठीत धरला. मग सूप बाजूला सारून म्हणाली, "आन तुमी तितं काय करत हुता?"

"शेणी गोळा करत हुतो."

"काटवट घिऊन?"

म्हणजे बाईनं मला जाताना बघितलं होतं!

"तू काय घिऊन गेलतीस?"

"परात," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसत सुटलो. हसता हसताच मी विचारलं, "काय घावलं का गं?"

"न्हाय. तुमास्नी?"

"न्हाय बाई."

तिनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं.

सही मी केलेली नाही. दीर आता तो विषयच काढत नाही, आणि तेही मला काही बरं लक्षण दिसत नाही. माळावर गवताला आम्ही जावा जोडीनंच जातो. गाव म्हणतं, बघा, किती एकी! खड्डा जवळ आला की तिचं लक्ष माझ्या हातांकडं असतं आणि माझं तिच्या ओच्याकडं.