बिनछर्ऱ्यांचे रविवार

यशवंतभाऊ गेल्याचा फोन त्यांच्या मुलीने, प्रज्ञाने केला, तेव्हा मी रायपूरजवळ उरल्याला कारखान्याच्या फाटकावर ट्रकच्या रांगेत अडकलो होतो. "अंकल, पापा नहीं रहे," ती म्हणाली. मग पुढे, "सबसे पहले आपको बताने बोले थे. बोले, वो हमेशा लेट आता है." प्रज्ञाला मराठी सगळी समजते, उत्तर मात्र ती हिंदीतच देते. भाऊ वऱ्हाडीत बोलायचे, ती हिंदीत, आणि त्या घराचा कारभार वर्षानुवर्षं असाच बिनतक्रार चालला. मी रांगेतून गाडी काढली... आणि तरीही पोहोचायला उशीर झालाच.

त्याला आता सहा आठवडे होतील. मधे शोकसभा झाली. भाऊंना कधीही न भेटलेल्या एका पुढाऱ्याने त्यांना राष्ट्रीय ख्यातीचे नेमबाज म्हटलं. मागच्या फ्लेक्सवर कुणीतरी भाऊंच्या हातात दुर्बीण लावलेली सैनिकी बंदूक चिकटवली होती. खरी गोष्ट अशी की भाऊ रोलिंग मिलमध्ये फिटर होते, त्यांची बंदूक साधी स्प्रिंगची हवाई बंदूक होती, आणि राज्याच्या एका स्पर्धेत ते एकदा अकरावे आले होते. "अकराव्याच्या मागे बी लोक होते," एवढीच त्या पराक्रमाबद्दलची त्यांची टिप्पणी. सभेत हे कुणी सांगितलं नाही. म्हणून मी इथे सांगतो आहे.

आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, समाजभवनामागे पत्र्याची एक लांबट शेड आहे. दहा मीटर मोजून भाऊंनी तिथे चुन्याची रेघ मारली, समोर चिंध्या भरलेली लोखंडी पेटी ठेवली आणि दर रविवारी सकाळी आम्ही पाच जण तिथे नेम धरायला जमू लागलो. छापील टार्गेट महाग पडतात म्हणून भाऊ लग्नपत्रिका जमवत. पत्रिकेवरचे बुद्ध, गणपती आणि नवरा-नवरीची नावं कात्रीने कापून बाजूला ठेवायची आणि उरलेल्या जाड पुठ्ठ्याच्या कोऱ्या बाजूवर कंपासने वर्तुळं काढायची, हा त्यांचा शनिवारचा उद्योग. "नावावर नेम धराचा नाही," हा नियम. कुणी म्हणालं की अमुक आमदाराच्या पोट्टीचं लग्न आहे, तर भाऊंचा चेहरा उजळायचा. "कार्ड जाड असन," ते म्हणायचे. थाटामाटाचा इतका चांगला उपयोग मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

मग मंदी आली. उरल्याच्या गिरण्यांमध्ये तीन पाळ्यांची एक पाळी झाली, सिलतऱ्यात भट्ट्या थंड झाल्या. आमच्या शेडमध्ये ती वर्तमानपत्राच्या आधी पोहोचली होती. एका सकाळी शंभर छर्रे उडवणारे लोक पन्नासवर आले, मग दहावर, आणि मग दुखण्यांवर. आमच्यातल्या साहूभैयांच्या ट्रकला भाडं मिळेना, त्यांनी कळवलं की नजर अधू झाली आहे. दुसऱ्या एकाचा खांदा धरला. मी सिलतऱ्याच्या कारखान्यात प्रयोगशाळेत केमिस्ट होतो. एका शुक्रवारी माझी नोकरी गेली आणि शनिवारी माझी मान आखडली.

त्या संध्याकाळी भाऊ घरी आले. ते मला कायम थट्टेने 'साहेब' म्हणत. आता तो शब्द टोचला.

"साहेब, उद्या या."

"मान आखडली आहे, भाऊ."

"तुमची बी? साहूचे डोळे गेले, त्याचा खांदा गेला. एका महिन्यात आख्खा पारा काहून लंगडा होऊन राहिला?" ते उठले. "उद्यापासून छर्रे बंद. ज्याच्याजवळ असन त्यानं बी आणाचे नाही. नुसते उडवून राहिले तुम्ही लोक. नेम कोणी धरूनच नाही राहिलं."

मला वाटलं, म्हातारपणी माणसाला शिस्तीचा झटका येतो तो हा. पण छर्रे लागणार नव्हते, म्हणून मान बरी झाली.

बिनछर्ऱ्यांच्या रविवारी बंदूक ताणायची नाही, घोडा ओढायचा नाही. बंदूक खांद्याला लावायची, नळीच्या टोकाशी एक रुपयाचं नाणं आडवं ठेवायचं, श्वास अर्धा सोडायचा आणि ते नाणं न पाडता मिनिटभर वर्तुळावर नेम ठेवायचा. ऐकायला सोपं वाटतं. पहिल्या दिवशी पत्र्याच्या शेडमध्ये नाण्यांचा पाऊस पडला. ज्याचं पडे त्याला भाऊ म्हणत, "उचल. घाई कोणाले हाये?"

आणि मी एक चूक केली. सवयीने बंदूक ताणली, नेम धरला आणि घोडा ओढला. आत काहीतरी कडाड वाजलं. भाऊंचीच बंदूक होती ती. त्यांनी ती हातात घेऊन हलवली, आत तुटलेल्या स्प्रिंगचा तुकडा खुळखुळला.

"रिकामी नाही मारत कधी," ते शांतपणे म्हणाले. "समोर छर्रा असला त धक्का त्याच्यावर जाते. काहीच नसलं, त तिचा धक्का तिलेच बसते."

ते बंदुकीबद्दलच बोलत होते, याबद्दल मला शंका नाही. त्यांना सुविचार सांगण्याची सवय नव्हती. पण मी तिथेच म्हणालो, "भाऊ, माझी नोकरी गेली."

मग साहूभैया नळीवरून नाणं काढत म्हणाले, "मोर गाड़ी घलो दू महीना ले खड़े हे." त्यांचीही गाडी दोन महिन्यांपासून उभीच होती. मग खांदा दुखणाराही बोलला. पाच मिनिटांत सगळ्यांचे अवयव बरे झाले.

भाऊंनी माझं सांत्वन केलं नाही. "बरं," ते म्हणाले. "मंग स्प्रिंग बसवाले तू येजो. आता टाइम हाये तुले." साहेबाचा मी एका वाक्यात 'तू' झालो. त्या महिन्यात मला मिळालेली ही एकच बढती.

मी गेलो. आम्ही त्यांच्या ओसरीत बंदूक खोलून बसलो होतो, तेव्हा फळीवर मला छर्ऱ्यांचे तीन सीलबंद डबे दिसले.

"भाऊ, हे?"

"प्रज्ञानं आणले. तिची नोकरी हाये न."

"मग तुम्ही काहून नाही मारत?"

त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. "एकानं माराचं अन् चौघांनी आवाज ऐकाचा, असं काय? तो स्क्रू दे इकडं."

सव्वा वर्ष आम्ही बिनछर्ऱ्यांचे रविवार काढले. रायपुरातले मोठमोठे क्लब त्या काळात ओस पडले, पण आमच्या शेडमधून एकही माणूस गळला नाही. मग भट्ट्या पेटल्या, साहूभैयाची गाडी रस्त्यावर आली, मला उरल्यात काम मिळालं. साहूभैयांनी छर्रे आणले त्या सकाळी भाऊंनी घरचे डबे उघडले. त्या दिवशी माझी पाच भोकं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली. शंभर छर्रे उडवायचो तेव्हा हे कधी जमलं नव्हतं. भाऊंनी पत्रिका उजेडात धरली, नाणं ठेवून पाहिलं आणि म्हणाले, "बरं हाये." त्यांच्या कोशात यापुढचा शब्द नव्हता. ती पत्रिका मी अजून जपून ठेवली आहे. कुणाच्या लग्नाची ते ठाऊक नाही.

शोकसभेनंतरच्या रविवारी प्रज्ञा भाऊंची बंदूक घेऊन शेडमध्ये आली. कुणीतरी सुचवलं, मानवंदना देऊ. आमच्या बंदुकांची मानवंदना म्हणजे शेंगा फोडल्यासारखा आवाज, तेव्हा तो विचार आपोआप मागे पडला. छर्रे सगळ्यांच्या खिशात होते. कुणीच भरले नाहीत. कुणी काही ठरवलंही नाही. चौघांनी नळीवर नाणी ठेवली, भाऊंची बंदूक माझ्याकडे आली. तिच्यात मीच बसवलेली स्प्रिंग आहे. मी श्वास अर्धा सोडला, वर्तुळ धरलं... आणि काही क्षणांतच माझं नाणं पडलं. फरशीवर गोल फिरत राहिलं. कुणी मान वळवली नाही. सगळे त्या एका वाक्याची वाट पाहत होते, हे मला पाठीला कळत होतं.

"उचला न, अंकल," मागून प्रज्ञा म्हणाली. "घाई कोणाले हाये?"

मी नाणं उचललं.